ऑइल प्रेशरची काळजी कशी करावी: नवशिक्यांसाठी

सर्वप्रथम एक गाडी घ्यावी. दोन सीटांची, जमिनीला टेकलेली, डिकीत दोन जेवणाचे डबे आणि एक छत्री मावेल एवढी. गाडी खरोखरच स्पोर्ट्‌स कार आहे का, हे तपासायची सोपी रीत म्हणजे आईला आत बसवून पाहावं. ती नीट बसली आणि कुणाचा हात न धरता बाहेरही आली, तर विकणाऱ्याकडे पैसे परत मागावेत.

गाडी सेकंडहँड असलेली बरी. नव्या गाडीला वॉरंटी असते, आणि वॉरंटी असलेल्या माणसाला मनापासून काळजी करता येत नाही. मी हे सगळं जर्मनीत, स्टुटगार्टजवळच्या एका गावात नोकरीनिमित्त राहताना शिकलो. माझी गाडी कुठल्या कंपनीची हे सांगणार नाही, कारण पुढे तिच्याबद्दल बरंवाईट लिहायचं आहे आणि त्यातलं वाईट बहुतेक माझंच होतं.

साहित्य: ऑइल प्रेशरचं गेज एक. त्याचा सेन्सर एक. टॉर्च. सुती बनियन एक, जितका जुना तितका उत्तम. फ्रिजवरचं लोहचुंबक, शक्यतो गणपतीचं नसलेलं. रात्री दोन वाजता उठून इंजिनाच्या विचारात पडायची तयारी. घरात दुसरं माणूस असल्यास त्याची संमती.

धडा पहिला: प्रेशर म्हणजे काय ते समजून घ्यावं

हा धडा लांब आहे. घाई असणाऱ्यांनी तो गाळावा आणि पुढे पस्तावावं.

माझी पिढी चेतकच्या मागच्या सीटवर वाढली. टू-स्ट्रोक स्कूटरला ऑइल प्रेशर ही भानगडच नव्हती. पंपावर पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घ्यायचं, ते इंजिनात जाऊन वंगणाचं काम करायचं आणि निळ्या धुरातून बाहेर पडायचं. एकदा वापरून जाळून टाकायच्या तेलाचा दाब कोण मोजणार? त्याच्याही आधी बैलगाडीच्या आसाला वंगण घालत. चाक कुरकुरलं की वंगण संपलं. ते गेज कानाने वाचायचं होतं, आणि फुकट होतं.

गाडीच्या फोर-स्ट्रोक इंजिनात तेच तेल पुन्हा पुन्हा फिरतं. तळाशी चेंबर असतो, त्याला पुस्तकात संप म्हणतात. त्यातून पंप तेल ओढतो, फिल्टरमधून ढकलतो, मग ते ब्लॉकमधल्या बारीक नळ्यांतून क्रँकशाफ्टच्या मेन बेअरिंगांना, तिथून क्रँकच्याच पोटात पाडलेल्या भोकांतून बिग एंडला, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँकवर बसणाऱ्या टोकाला, आणि वर कॅमशाफ्टला जातं. काम झालं की थेंबथेंब खाली चेंबरात. बिग एंड या रांगेत मागे उभं असतं. तुटवडा झाला की ओरड आधी तिथून येते.

आता महत्त्वाची गोष्ट. पंप प्रेशर तयार करत नाही. पंप फक्त तेल ढकलतो, प्रेशर तयार होतं ते अडथळ्यामुळे. अंगणात झाडांना पाणी घालताना नळीच्या तोंडावर अंगठा ठेवला की धार लांब जाते; पंप तोच, पाणी तेच, अंगठा नवा. इंजिनात हा अंगठा म्हणजे बेअरिंगमधली फट. ती केसाच्या जाडीहूनही कमी असते. बेअरिंग झिजलं की फट वाढते, अंगठा सैल पडतो, काटा खाली येतो. म्हणून म्हाताऱ्या इंजिनाचं प्रेशर कमी.

पण याचा अर्थ प्रेशर जास्त म्हणजे सगळं छान, असा नाही. थंडीच्या सकाळी तेल काकवीसारखं घट्ट असतं. काटा सहा बारवर जाऊन बसतो आणि मालक खूश होतो. प्रत्यक्षात त्या वेळी तेल पुढे सरकतच नसतं. आमच्या पुण्याच्या सोसायटीत तळमजल्याच्या मीटरवर पाण्याचं प्रेशर नेहमी उत्तम असे आणि तिसऱ्या मजल्यावर बादली भरत नसे. सेक्रेटरी मीटरकडे बोट दाखवायचे, आम्ही बादलीकडे. इंजिनाच्या बाबतीत तुम्ही सेक्रेटरी होऊ नका.

आणि याहून मोठा धक्का म्हणजे, गेजवर दिसतं ते प्रेशर इंजिनाचा भार पेलतच नाही. हे कळलं त्याचा किस्सा सुरेख आहे. इंग्लंडमध्ये बीचम टॉवर नावाचे एक इंजिनिअर रेल्वेच्या आसांसारख्या बेअरिंगांवर प्रयोग करत होते. त्यांचा अहवाल १८८३ चा. बेअरिंगच्या डोक्यावर त्यांनी तेल सोडायला एक भोक पाडलं होतं. आस तेलात अर्धवट बुडवून फिरवला, तर त्या भोकातून तेल उलट वर यायला लागलं. त्यांनी बूच लावलं, ते निघालं. लाकडाची खुंटी ठोकली, तीही हळूहळू वर सरकत बाहेर आली. मग त्यांनी तिथे प्रेशरचं गेज लावलं. बेअरिंगवर सरासरी भार होता चौरस इंचाला १०० पौंड. गेजचा काटा २०० च्या पलीकडे गेला. पंप कुठेच नव्हता. फिरणारा आस स्वतःच तेलाला अरुंद फटीत ओढून नेत होता आणि तेलाच्या पाचरीवर स्वतःच तरंगत होता. तीन वर्षांनी, १८८६ साली, ऑस्बोर्न रेनॉल्ड्‌स यांनी त्याचं गणित मांडलं. आजही बेअरिंगचं डिझाइन त्याच समीकरणापासून सुरू होतं.

म्हणजे तुमच्या बिग एंडवर स्फोटाचा दणका बसतो तेव्हा तेलाच्या पापुद्र्यात शेकडो बारचा दाब असतो, आणि तो तिथेच, त्या फिरण्यातूनच जन्मतो. गेजवरचे चार-पाच बार म्हणजे फक्त वाढपी. पंगतीत पान रिकामं पडू नये एवढंच त्याचं काम. जेवायचं काम बेअरिंग स्वतः करतं. मात्र वाढपी अर्धा सेकंद जरी गायब झाला, तरी सात हजार आरपीएमला क्रँकचे जवळजवळ साठ फेरे होतात, आणि साठ फेरे धातूवर धातू घासायला पुरेसे असतात.

धडा दुसरा: गाडीतल्या काट्यावर विश्वास ठेवू नये

मुळात तो काटा असेल तर. बऱ्याच गाड्यांत नुसता लाल दिवा असतो, अल्लाउद्दीनच्या दिव्यासारखा, टोकाला एक थेंब लोंबणारा. त्याच्या मागे एक साधा स्विच. प्रेशर साधारण ०.३ ते ०.५ बारच्या खाली गेलं की तो लागतो. लक्षात घ्या, गरम इंजिन सहा हजार आरपीएमला पळताना चार-पाच बार लागतात. तिथून दीडवर आलं तरी दिवा शांत. एकवर आलं तरी शांत. तो लागतो तेव्हा तो इशारा नसतो, दहाव्याचं बोलावणं असतं.

आमच्या बाबांच्या जुन्या गाडीतही असाच एक दिवा होता. बावीस वर्षांत तो चालत्या गाडीत एकदाही लागला नाही. याचा बाबांना फार अभिमान होता आणि पाहुण्यांना ते तसं सांगतही. या दिव्याकडे आपण नंतर परत येऊ.

काटा असला तर आणखी कठीण. माझदा एमएक्स-५ ही दोन सीटांची लाडकी गाडी १९८९ साली आली, तेव्हा तिच्यात ऑइल प्रेशरचं खरं गेज होतं. थंडीत काटा वर, तापल्यावर सिग्नलला थांबलं की खाली, गॅस दिला की पुन्हा वर. अमेरिकेतल्या १९९५ च्या मॉडेलपासून तिथे नवं गेज आलं. दिसायला काटाच, पण मागे सेन्सरऐवजी दिव्याचाच स्विच. प्रेशर अर्ध्या बारच्या वर असलं की काटा मध्यावर जाऊन बसतो आणि तिथून हलत नाही. एक बार असो की सहा, तो आपला मध्यावर. लग्नात नवऱ्यामुलाच्या मामाच्या चेहऱ्यावर असतं तसं समाधान.

यात कंपनीला लबाड म्हणायचा मोह होतो. मी म्हणणार नाही. खरा काटा हलतो, आणि हलणारा काटा दिसला की माणूस विचारतो: काल इथे होता, आज तिथे का? पाण्याच्या तापमानाचा काटाही आता बहुतेक गाड्यांत असाच गुळगुळीत केलेला असतो. बरंच खालीवर झालं तरी तो मध्य सोडत नाही. कंपन्यांनी ओळखलं आहे की मालकाला माहिती नको असते, धीर हवा असतो. एमएक्स-५ चे हौशी मालक मात्र जुन्या गाडीचं गेज आणि जुना सेन्सर शोधून काढून नव्या गाडीत बसवतात. म्हणजे पैसे देऊन काळजी परत विकत घेतात. आपल्या अभ्यासवर्गाचे हे खरे विद्यार्थी.

धडा तिसरा: गेज बसवावं

पूर्वीची गेजं यांत्रिक असत. युजेन बोर्दों या फ्रेंच माणसाने १८४९ साली त्यांची युक्ती शोधली: एक चपटी, वाकवलेली नळी, आत दाब आला की ती सरळ व्हायला बघते. जत्रेत गुंडाळलेल्या कागदाची पिपाणी मिळते, फुंकली की उलगडून समोरच्याच्या नाकाला लागते, तीच ही. फक्त पिपाणीच्या टोकाला काटा जोडलेला. ही गेजं अचूक आणि प्रामाणिक. दोष एकच, इंजिनातलं गरम तेल एका बारीक नळीने थेट डॅशबोर्डच्या मागे आणावं लागतं, आणि नळी फुटली की ते तुमच्या मांडीवर येतं.

म्हणून विजेवर चालणारं घ्यावं. दिव्याचा स्विच काढायचा, तिथे दोन तोंडांची जोडणी बसवायची, एकीकडे जुना स्विच, दुसरीकडे नवा सेन्सर. संध्याकाळचं काम. माझ्या बाबतीत तीन संध्याकाळी आणि एक रविवार.

कारण आटे. एक अष्टमांश इंचाचे आटे दोन प्रकारचे असतात. ब्रिटिश पद्धतीचे इंचाला २८, अमेरिकन पद्धतीचे २७. डोळ्याला दोन्ही सारखे. एकात दुसरा घातला तर पहिले दोन फेरे लोण्यासारखा जातो, तिसऱ्याला जरा अडतो, आणि नवशिक्याला वाटतं की घट्ट बसतोय. मलाही वाटलं. मी पान्याला जोर दिला. तेल दुसऱ्या दिवशी गॅरेजच्या फरशीवर होतं.

दुसरं, पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळू नये. नळाच्या कामाची सवय असलेला माणूस ती हमखास गुंडाळतो. एका तारेच्या सेन्सरचा अर्थिंग त्या आट्यांतूनच ब्लॉकला जातो. टेपने तो तुटतो आणि गेज वाट्टेल ते दाखवतं. शिवाय टेपची चिंधी सुटून तेलात गेली, तर पुढच्या बारीक भोकाशी जाऊन बसते. मी टेप गुंडाळली होती, हे वेगळं सांगायला नकोच.

शेवटी मी गावातल्या माइस्टरकडे गेलो. जर्मनीत गॅरेज चालवायला माइस्टरची पदवी लागते. आपला मिस्त्री पोर्तुगिजांच्या मेस्त्रेवरून आला, आणि मेस्त्रे नि माइस्टर दोघेही लॅटिनमधल्या एकाच आजोबांचे नातू. बघायची पद्धतही एकच. आधी काम बघायचं, मग माणसाकडे बघायचं, मग पुन्हा कामाकडे, आणि मग विचारायचं: "हे कोणी केलं?" मी म्हणालो, आधीच्या मालकाने.

धडा चौथा: काटा वाचायला शिकावं

इंजिन गरम असताना दर हजार आरपीएमला दहा पीएसआय, हा जुना गॅरेजचा ठोकताळा. सात हजारला सत्तर पीएसआय, म्हणजे जवळपास पाच बार. पाठ करावा.

पाठ झाला की विसरावा. आजच्या बऱ्याच इंजिनांत पंपच हुशार झाला आहे. गाडी रमतगमत चालली असेल तर कंप्युटर मुद्दाम प्रेशर कमी ठेवतो, कारण तेल ढकलायलाही पेट्रोल जळतं. ॲक्सिलरेटर दाबला की एकदम वाढवतो. म्हणजे तीन हजार आरपीएमला एकदा दोन बार आणि लगेच चार बार दिसले, तर तो आजार नव्हे, काटकसर आहे. हे न कळल्यामुळे मी एका महामार्गावर बाजूला थांबून अर्धा तास बॉनेट उघडून उभा होतो. आत काय बघायचं होतं ते मला तेव्हाही माहीत नव्हतं.

त्यातून तेल आता नुसतं वंगण राहिलेलं नाही. होंडाच्या व्हीटेकमध्ये रॉकरमधल्या पिना तेलाच्याच दाबाने सरकतात आणि इंजिनाचा स्वभाव बदलतो. कॅमशाफ्ट पुढे-मागे फिरवायचं कामही बहुतेक इंजिनांत तेलच करतं. पूर्वी तेल घरातलं गडी-माणूस होतं. आता त्याच्याकडे किल्ल्याही आहेत.

काट्याबरोबर तापमानही बघावं. पाण्याचा काटा पाच-सात मिनिटांत मध्यावर येतो. तेलाला दुप्पट-तिप्पट वेळ लागतो. बीएमडब्ल्यूच्या ई४६ पिढीतल्या एम३ ला यावर छान तोडगा होता: टॅकोमीटरच्या कडेने दिवे, तेल थंड असताना बरेच पेटलेले, तेल तापेल तसे एकेक करून विझणारे. जितके दिवे विझले तितकं पळायची परवानगी. मला हे कुठल्याही रंगीत स्क्रीनपेक्षा सभ्य वाटतं.

धडा पाचवा: तेल कुठलं, यावर भांडावं

डब्यावर ०डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-६० असं लिहिलेलं असतं. डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा थंडीतल्या वागण्याचा, नंतरचा १०० अंश सेल्सिअसला किती दाटपणा उरतो त्याचा. त्याच एम३ ला कंपनीने १०डब्ल्यू-६० सांगितलं होतं, तर आजची कित्येक इंजिनं ०डब्ल्यू-२० वर चालतात. जाड तेल ओतलं की गेजवरचा काटा वर जातो आणि मालकाला वाटतं रोग बरा झाला. अंगठा आवळला, एवढंच झालेलं असतं. कंपनीच्या पुस्तकात जे लिहिलंय ते घालावं आणि या विषयावरच्या चर्चेतून काहीतरी कारण काढून उठावं.

एकच गंमत सांगतो. सुरुवातीच्या विमानांच्या आणि शर्यतीच्या गाड्यांच्या इंजिनांत एरंडेल वापरत. कॅस्ट्रॉल हे नावच मुळी कॅस्टर, म्हणजे एरंडीवरून आलेलं, १९०९ सालचं. लहानपणी महिन्यातून एकदा नाक दाबून ज्याचा चमचा आम्हाला पाजला जायचा, ते पहिल्या महायुद्धातल्या वैमानिकांच्या तोंडावर फवाऱ्यासारखं उडत असे. त्यांना काय काय सोसावं लागलं असेल याची कल्पना मराठी माणसाला चटकन येते.

धडा सहावा: वळण घ्यावं

आमटीचं पातेलं मांडीवर घेऊन रिक्षाने गेला असाल तर या धड्यातलं सगळं तुम्हाला माहीत आहे. रिक्षा वळली की आमटी एका काठाला चढते. गाडी वळणावर जेव्हा स्वतःच्या वजनाइतक्या जोराने बाजूला ढकलली जाते, म्हणजे १ जी, तेव्हा चेंबरातल्या तेलाचा पृष्ठभाग बरोबर ४५ अंशांत कलतो. चांगल्या टायरांवर स्पोर्ट्‌स कार हे सहज करते. तेल एका भिंतीला, पंपाचं नळकांडं दुसरीकडे, आणि पंप ओढतो ती हवा.

उपाय दोन. चेंबरात आडव्या पट्ट्या, झडपा बसवायच्या, म्हणजे तेल एकदम पळत नाही. किंवा चेंबर कोरडाच ठेवायचा: खाली पडलेलं तेल वेगळ्या पंपांनी उचलून एका उभ्या टाकीत साठवायचं आणि तिथून इंजिनाला द्यायचं. पोर्शच्या एअर-कूल्ड ९११ ला हा ड्राय संप पहिल्यापासून होता. २०२० च्या कॉर्व्हेटला तर नुसतं तेल उचलायलाच तीन पंप आहेत.

९११ ची एक गोष्ट या अभ्यासक्रमात हवीच. १९७२ च्या मॉडेलला त्यांनी तेलाची टाकी मागच्या उजव्या चाकाच्या पुढे आणली आणि तेल भरायचं झाकण बाहेरून, उजव्या दाराच्या मागे दिलं. छान, सोयीचं, पेट्रोलच्या झाकणासारखं दिसणारं. पंपावरच्या पोरांनी त्यात पेट्रोल भरलं. पुढच्या वर्षी ते झाकण गेलं. जगातले उत्तमोत्तम इंजिनिअर बसले होते. त्यांना पंपावरचा पोरगा विचारात घ्यायचं तेवढं सुचलं नाही.

आता माझं. न्युर्बुर्गरिंग या शर्यतीच्या ट्रॅकची जुनी नॉर्डश्लाइफ, २०.८ किलोमीटर, १९२७ पासूनची. तिथे पैसे भरून आपली गाडी घेऊन जाता येतं. मी गेज बसवून सहा आठवडे झाले होते. दुसऱ्या फेरीला, एका लांबलचक डाव्या वळणावर, मी प्रथमच रस्त्याऐवजी काट्याकडे बघितलं. तो साडेचारवर होता. मग तीनवर. मग तो पडला, टाचणी पडावी तसा, एकच्या खाली, आणि क्षणभर थरथरला. लाल दिवा लागलाच नाही. वळण संपलं तसा काटा पुन्हा वर गेला, जणू काही झालंच नाही.

अशा वेळी काय करावं? पाय ॲक्सिलरेटरवरून काढावा, क्लच दाबावा, दिवा लागला असेल तर इंजिन तिथल्या तिथे बंद करावं आणि गाडी जिथे घरंगळत जाईल तिथे कडेला थांबवून आपण कठड्यापलीकडे उभं राहावं. बरी जागा शोधत एक किलोमीटर जाऊ नये. इंजिन फुटून तेल रस्त्यावर सांडलं तर मागून येणारे मोटारसायकलवाले घसरतात, ट्रॅक बंद होतो आणि साफसफाईचं बिल तुम्हाला येतं. मी हळूहळू, वळणांना घाबरत बाहेर आलो आणि पार्किंगमध्ये गाडी उभी केली.

पाच मिनिटं थांबलो. डिपस्टिक ओढली, बनियनने पुसली, घातली, पुन्हा ओढली. टोकाला तेल होतं, खालच्या खुणेच्याही खाली, मध बोटावर उरतो तेवढं. इंजिन वरच्या आरपीएमला तेल खातं हे मला माहीत होतं. गेज २८० युरोचं होतं. एक लिटर तेल १८ युरोचं. सहा आठवड्यांत मी काट्याकडे काही हजार वेळा बघितलं होतं आणि डिपस्टिक एकदाही ओढली नव्हती.

धडा सातवा: डिपस्टिक

सपाट जागा, इंजिन बंद करून काही मिनिटं, पुसा, घाला, ओढा. जुन्या ९११ ला उलट: इंजिन गरम आणि चालू असतानाच. अनेक नव्या जर्मन गाड्यांत डिपस्टिकच नाही. स्क्रीनवर विचारायचं आणि ती म्हणते, सध्या मोजता येत नाही. धडा संपला.

धडा आठवा: फिल्टर कापावा

हे फक्त प्रगत विद्यार्थ्यांसाठी. त्या फेरीनंतर मी तेल आणि फिल्टर बदलला, जुना फिल्टर कटरने कापला आणि आतला कागद सोडवून जुन्या वर्तमानपत्रावर पसरला. पापड वाळत घालावा तसा, घडी घडी उलगडून. तेल निथळायला रात्रभर ठेवला. सकाळी बायको चहा घेऊन आली, तेव्हा मी टॉर्च तिरपा धरून एकेक घडी बघत होतो.

"काय शोधतोयस?"

"सोनं."

खोटं नव्हतं. बेअरिंगच्या आत तांब्याचा थर असतो. तो दिसायला लागला की घडीत जरीसारखी लकाकी येते. एका जागी चार ठिपके चमकले. मी चुंबक नेलं. लोखंडाचा कण चुंबकाकडे धावतो आणि त्याचं फार वाईट वाटून घ्यायचं नसतं; बेअरिंगचा धातू ढिम्म हलत नाही. दोन ठिपके चुंबकाला चिकटले. दोन जागेवरच राहिले. मी ते नखाने उचलून बोटावर घासले. एक विरघळला, तो काजळीचा कण होता. एक राहिला. पिवळसर, तिळाच्या टोकाएवढा.

माइस्टरने तो बघितला, मग माझ्याकडे बघितलं. म्हणाला, हजार किलोमीटर चालव, पुन्हा काप. पुढच्या फिल्टरमध्ये काही नव्हतं. पण तो हजार किलोमीटरचा काळ म्हणजे बोर्डाच्या निकालाआधीचे दिवस होते.

धडा नववा, जो पहिला असायला हवा होता

इंजिन सुरू करण्याआधी किल्ली अर्धी फिरवावी आणि थांबावं. प्रेशर शून्य आहे, म्हणजे लाल दिवा लागलाच पाहिजे. नाही लागला तर बहुधा बल्ब गेलेला आहे.

बाबांनी शेवटी ती गाडी विकायला काढली, तेव्हा घेणाऱ्याने आपला मिस्त्री आणला होता. बाबांनी नेहमीप्रमाणे सांगितलं: बावीस वर्षं, एकदाही दिवा लागला नाही. मिस्त्रीने किल्ली अर्धी फिरवली. डॅशबोर्ड काळा. त्याने मान वाकडी करून खाली हात घातला आणि एक बल्ब बाहेर काढला, आतून पार काळवंडलेला. कधी गेला असेल, कोणास ठाऊक. गाडी जगली ती दिव्यामुळे नव्हे. दर रविवारी पूजा आटोपली की बाबा ओलेत्या केसांनी खाली जाऊन डिपस्टिक ओढून बघत, आणि ती कायम त्यांच्या बनियनलाच पुसत, म्हणून आई ओरडत असे.

मिस्त्रीने खिशातून नवा बल्ब काढून बसवला आणि पुन्हा किल्ली फिरवली. दिवा लाललाल लागला. बाबा दचकून पुढे झाले आणि म्हणाले, "अहो, बंद करा, काहीतरी बिघडलंय."